तोंड झाकून आलेला मामा

रोह्यात माझा दवाखाना नवा होता, त्या नव्वदच्या दशकातली ही हकीकत आहे. दातांचा डॉक्टर दिवसभर माणसांच्या इतक्या जवळ बसतो की त्यांचा श्वास त्याच्या गालाला लागतो. दात कोरण्याचे यंत्र सुरू झाले की पाण्याचा फवारा लाळेत मिसळून उडे आणि माझ्या चष्म्यावर बारीक थेंब साचत. काच पुसावी आणि पुढच्या माणसाला आत बोलवावे, असा क्रम होता. हातमोजे आम्ही घालू लागलो होतो, पण ते रक्तातून पसरणाऱ्या रोगाच्या धास्तीने. मास्कही होता, मात्र माझा आवाज मुळात हळू, तो लोकांना ऐकू जावा म्हणून मास्क बहुतेक वेळ हनुवटीखाली असे.

माझी धाकटी बहीण पेणजवळच्या जोह्यात दिलेली. सासरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली. मी दवाखाना आटोपून थेट पेणच्या इस्पितळात गेलो आणि त्या मूठभर जिवाला गालाशी धरून बराच वेळ बसलो. मला शिंक नव्हती, खोकला नव्हता. आठवडा संपायच्या आत भाचीची छाती भरली आणि तिला ऑक्सिजनवर ठेवावे लागले. बालरोगतज्ज्ञांनी विचारले, "घरात कुणाला सर्दी?" सगळ्यांनी नाही म्हटले. मीही म्हटले, आणि ते खरेच होते.

त्याच सुमारास, मी दाढ काढलेली, जवळच्या वरसे गावची एक बाई जखम दाखवायला आली. सहज म्हणाली, "घरातली सगळी तापानं पडलीत डॉक्टर. मलाच काय नाय झालं." ती धडधाकट दिसत होती. काही माणसे स्वतः आजारी न पडता घशात आणि लाळेत विषाणू वागवतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या क्षणी मात्र हातातला आरसा मला पुन्हा ताटलीत ठेवावा लागला. तिच्यासारखाच मीही असेन काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत राहू लागला.

भाची वाचली. मास्क नाकावर चढला तो कायमचा. पण मन स्वस्थ होईना. एसटीत शेजारी कुणी मूल घेऊन बसले की मी उठून उभा राही.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरले. मामाने सोन्याच्या अंगठीने बाळाच्या ओठाला खीर लावायची, ही रीत सगळीकडेच आहे. बहिणीच्या सासरी तिला एक पुस्ती होती: मामाने खिरीवर फुंकर घालायची, अंगठी आधी स्वतःच्या ओठाला लावून खीर कितपत ऊन आहे ते पाहायचे आणि मग ती बाळाच्या ओठाला लावायची. माझ्या डोळ्यांपुढून ती फुंकर हलेना. यायला जमणार नाही, असा निरोप मी धाडला.

त्यावर बहिणीचा दवाखान्यात फोन आला. "दादा, तुझ्यामुळे झालं असं कुणी म्हटलं तुला?"

"कुणी नाही."

"मग तूच कशाला म्हणतोस? तिची छाती अजून वाजते. मला काय भीती नाही? पण मामा असून तिला दुसऱ्याच्या हातनं भरवायची काय?"

मी गेलो. निघण्यापूर्वी अंगठी चिमट्यांच्या भांड्यात उकळून घेतली. नवा मास्क कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि जोह्याला उतरल्यावरच बांधला.

ओटीवर बहिणीच्या सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळले. "आमच्याकडं मूर्तीला पॉलिश पेपर मारताना पोरं असं फडकं बांधतात," त्या म्हणाल्या. "आमच्या नातीला काय घासायला आलाव?"

सगळे हसले. मी खालच्या आवाजात कारण सांगितले. माझ्यात रोग असेल आणि मला तो कळणारही नाही, असे म्हणालो.

"कळत नाय तर हाय कशावरनं?" सासऱ्यांनी विचारले. त्यांच्या नखांत पिवळा रंग होता.

फुंकर मी घातली नाही. खीर कितपत ऊन आहे ते बहिणीने मनगटावर पाहिले. मी अंगठी बुडवून पुढे केली, तर भाचीचे ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा केली, तिने मान फिरवली. समोरचा माणूस तोंड उघडतो, ते पाहून मूल तोंड उघडते. माझे तोंड तिला दिसतच नव्हते. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारा मी एवढे विसरलो होतो.

"काढा ते आता," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी भ्यालीय."

माझा हात कानामागच्या दोरीपर्यंत गेला. भाचीच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. हात तिथेच थांबला. "तू कर," मी बहिणीला म्हटले, "माझ्या शेजारी बस आणि आ कर."

तिने आ केला. मग सासूबाईंनी केला, बहिणीच्या जावेने केला, सासऱ्यांनीही केला. भाची सगळ्यांकडे पाहत राहिली आणि तिचे तोंड उघडले. मी खीर लावली. ती चाटून तिने आणखी मागितली तेव्हा ओटीवर हशा पिकला. मी एक तोंड बांधून आलो होतो. तिच्यावर मात्र चार उघडी तोंडे वाकली होती, आणि त्यांतले कोणते निर्दोष हे मला सांगता आले नसते.

त्याच ओळीत बहिणीची कोपऱ्यातली दाढही दिसली. आतून पार काळी पडलेली. तिने ती मला कधी दाखवली नव्हती.

रोह्याला परतलो आणि दोनेक दिवसांत माझाच घसा बसला. ताप चढला, दवाखाना बंद ठेवला. भाचीच्या बातमीची वाट पाहण्यात झोप लागेना. अखेर शेजारच्या दुकानातून मीच फोन केला.

"खाते मजेत," बहीण म्हणाली. "सगळ्यांनी आ केल्याशिवाय घास घेत नाही." मग थांबून म्हणाली, "दादा, तू खोकतोयस?"

"हो."



"माझी दाढ दुखते," ती म्हणाली. "कधी येऊ?"

"खोकला गेल्यावर," मी म्हटले. "आणि तो गेल्यानंतरही थोडे दिवस थांबून."