भावजींचं ठाम वाक्य

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावजी, माहितीपुस्तिका लिहितात. त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, किती वेळ रेंगाळलं याची मोजदाद ठेवतं. ते कसं वापरायचं हे भावजींनी लिहायचं आणि कोणी वाचायचं नाही, असा सुखाचा कारभार वर्षानुवर्षं चालला होता.

त्यांच्या लिखाणात 'शक्यतो', 'साधारणपणे' आणि 'आवश्यक वाटल्यास' यांची रेलचेल. बोलणंही तसंच. वाढू का विचारलं, तर म्हणणार, "वाढायला हरकत नसावी."

"हरकत कोण घेणार, ताट?" माझी जाऊ विचारायची.

मग कंपनीत नव्या मॅडम आल्या. यापुढे पुस्तिका एआय एजंट वाचेल आणि सॉफ्टवेअरही तोच चालवेल, असं त्यांनी जाहीर केलं. भावजी हरखले. उभ्या आयुष्यात पहिला वाचक मिळत होता.

मिळाला आणि पंचाईत झाली, कारण तो शब्द न शब्द वाचायचा. पुस्तिकेत एके ठिकाणी होतं, 'आवश्यक वाटल्यास बॉटच्या भेटी वगळाव्यात.' बॉट म्हणजे माणसं नव्हेत, वेबसाइटवर आपोआप भटकणारे प्रोग्रॅम. एजंटला सकाळी आवश्यक वाटलं, दुपारी वाटलं नाही. एकाच वेबसाइटचे दोन आकडे निघाले.

"गाद्यांच्या कंपनीला डेमो द्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "तोवर हे नीट करा. नाहीतर लिहायचं कामही एजंटलाच देऊन टाकू."

भावजी तोंड पाडून घरी आले. जावेने पदर खोचला. हो किंवा नाही, तिसरा शब्द तोंडातून निघाला तर चहा बंद.

"दार लावलंत?"

"लावलं असावं, म्हणजे..."

"कप खाली ठेवा."

चहासाठी माणूस काय वाटेल ते शिकतो. पुस्तिका झाडून-पुसून निघाली आणि त्या जागी नवं वाक्य आलं: 'बॉटच्या भेटी नेहमी वगळा. फक्त माणसं मोजा.' भावजींनी ते आम्हाला जेवताना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदाच गणित बरोबर आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता.

डेमोच्या दिवशी मॅडमनी एजंटला विचारलं, गाद्यांच्या वेबसाइटवर गेल्या महिन्यात किती लोक आले. त्याने पुस्तिका वाचली, बॉट वगळले, माणसं मोजली आणि आकडा सांगितला. गाद्यांच्या कंपनीच्या मालकांचं तोंड आंबट झालं. तेवढे तर त्यांचे नातेवाईकच होते.

"आमचा आधीचा माणूस याच्या दसपट सांगायचा," असं म्हणून ते उठले. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणणारी माणसं काय कळवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"ते बॉटचं जरा सैल करा," मॅडम भावजींना म्हणाल्या. "पूर्वी होतं तसं."

"पूर्वी होतं ते चूक होतं."

"चूक नव्हतं, लवचीक होतं. कराल ना?"

"नाही," भावजी म्हणाले.

रात्रभर विचार करा, म्हणाल्या मॅडम. उद्या एक तर ते वाक्य बदलेल, नाहीतर तिथला माणूस.

भावजींनी घरी येऊन हे छाती काढून सांगितलं. जावेने हातातलं फडकं ओट्यावर टाकलं.

"नाही म्हणालात? तोंडावर?"

"हो."

"एवढं स्पष्ट बोलायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच की."

"मी घरात बोलायला सांगितलं होतं. बाहेर बोलून पोट भरतं का? ताई, तुम्ही तरी सांगा यांना."

थोरल्या जावेने अशा वेळी जे करायचं असतं ते मी केलं. मान खाली घालून भाजी निवडत राहिले.

"अगं, खोटा आकडा जाईल," भावजी म्हणाले.

"जाऊ दे. गादी विकणाऱ्याला झोप लागली म्हणजे झालं. उघडा तो लॅपटॉप. लिहा. 'ग्राहकाच्या व्यवसायाचं स्वरूप लक्षात घेऊन प्रत्येक भेटीला योग्य ते स्थान द्यावं.'"

भाजीवाल्याला दोन शब्दांत गार करणारी ही बाई. भावजी तिच्याकडे बघतच राहिले.

"यात बॉट कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत. म्हणूनच कोणाच्या बापाला सापडणार नाहीत."

मॅडमनी मालकांना फोन करून पुन्हा बोलावलं, गणनेत थोडी सुधारणा केली आहे म्हणून. एजंटने नवं वाक्य वाचलं, गाद्यांच्या व्यवसायाचं स्वरूप लक्षात घेतलं आणि एकूण एक भेटीला स्थान दिलं. मालकांनी तिथल्या तिथे सही केली. मॅडमनी भावजींची पाठ थोपटली. उरलेली पुस्तिकाही याच शैलीत करा, म्हणाल्या.

हल्ली संध्याकाळी जाऊ ओट्यापाशी उभी राहून सांगते आणि भावजी उतरवून घेतात. लिहिलेलं वाचून दाखवताना मध्येच एखादं वाक्य सरळ निघालं, तर ती मागे वळूनही न बघता म्हणते, "खोडा ते."