कमानीतला दात

पुलाच्या चढावर माझा डावा हात बधिर झाला, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, थांबू या. तुमच्याकडचा बुरूज कलतोय."

"बुरूज नाही, मीच कलतेय," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी हातातली फळी हळूच पुलाच्या कठड्यावर टेकवली. फळीवर एक अख्खा किल्ला होता, खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. बुरूज, खंदक, बाजार, लोहाराची भट्टी, खिडकीत बसलेली चेटकीण, आणि सगळ्यात उंच टोकावर पंख पसरून बसलेला, आग ओकणारा ड्रॅगन. तो नवीन होता तेव्हा मी त्याला पाल म्हटलं होतं. त्यानंतर बरेच दिवस भाऊजी माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून हे दात घडवतात. पन्नाशी उलटली, चष्म्यावर कायम प्लास्टरची पांढरी धूळ, खिशात बारीक कानस. घरात सगळे त्यांना ‘राजे’ म्हणतात, आणि ते काही मानाने नव्हे.

वाटेत जो तो विचारत होता, हे गाडीतून का नाही नेत? मागचा किल्ला टेम्पोतूनच नेला होता. पहिल्याच गतिरोधकाला ते राज्य खालसा झालं. म्हणून यंदा पायी. आता दुसऱ्या टोकाला धरायला कोण, हा प्रश्न. जाऊबाईंनी हात लावायचं नाकारलं. म्हणाल्या, "मोडला तर जन्मभर माझ्या नावावर राहील." आमच्या ह्यांना घ्यावं, तर ह्यांना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही आणि बोलल्याशिवाय चालता येत नाही. राहिले मी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपल्या घरात तुमच्याइतकं सावकाश कोणी चालत नाही." माझ्या चालण्याचं आजवर झालेलं कौतुक ते एवढंच.

शिवाय माझाही स्वार्थ होता. माझा वरचा पुढचा दात पडला होता, आणि तेव्हापासून देवाचं नाव घेताना मधेच शिट्टी वाजायची. सकाळी मी देवापुढे बसले की आतून हे ओरडायचे, "कुकर बंद कर गं." भाऊजींनी नवा दात कबूल केला होता, पण घरच्यांचे दात नेहमी शेवटी. आज मात्र तो तयार होऊन डबीत होता, आणि डबी त्यांच्या खिशात. किल्ला वाचनालयात पोचवला की परत येताना बसवून बघायचा, असं ठरलं होतं.

पुलावर सायकल दुरुस्त करणारा बसला होता. त्याने विचारलं, "काय काकू, घर बदलताय?"

"हो बाबा. मोठं परवडत नाही."

या वेडाची सुरुवात साधी आहे. पुतणी शिकायला दूर गेली, तेव्हा तिच्या ठोकळ्यांचा डबा कोणाला तरी द्यावा म्हणून भाऊजी ठोकळे धुवायला बसले. वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून चार एकावर एक बसवले. संध्याकाळी जाऊबाई कामावरून आल्या, तर डबा रिकामा आणि जेवायच्या टेबलावर गावाची वेस उभी. तेव्हापासून ती दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतात.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, हे राजे, चेटकिणी, आगीचे फुत्कार. वयाला शोभतं का?"

"वहिनी, दिवसभर मी लोकांचे दात बघतो. या ठोकळ्यांच्या माणसांकडे बघा. सगळी हसतायत आणि एकालाही दात नाही. सुट्टीवर गेल्यासारखं वाटतं."

त्यांचा एक नेम होता. गोंद लावायचा नाही, आणि ठोकळ्यांशिवाय दुसरं काही किल्ल्यात घालायचं नाही. जाऊबाईंनी एकदा कौतुकाने काडीपेटीच्या काडीचा झेंडा लावला. भाऊजींनी तो काढून त्यांच्या हातात परत दिला. "जे चिकटवल्याशिवाय उभं राहत नाही, ते उभं आहे असं मी म्हणत नाही," म्हणाले.

"मग कवळीचं काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"ती पोटासाठी."

त्यानंतर जाऊबाईंनीही आपला नेम सांगितला. टेबल रिकामं हवं. किल्ला बाहेर कुठे ठेवा, नाहीतर मोडून बादलीत भरा, आणि पुन्हा घरात ठोकळा दिसायला नको. भाऊजी वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या विभागातलं काचेचं कपाट देऊ केलं, पण एका अटीवर. "मुलं कपाटाला धक्के देतात. मी फळी हलवून बघणार. एक तुकडा जरी पडला तरी परत न्यायचा." आम्ही निघालो तेव्हा दाराशी घासूनपुसून ठेवलेली बादली होती. जाऊबाईंच्या वतीने बादलीच बोलत होती.

पूल उतरताना घात झाला. दोष माझ्या हाताचा. रस्त्याकडेला देवाचं एक लहानसं ठिकाण लागलं. देव दिसला की माझा उजवा हात कपाळाकडे जातो, डोक्याला विचारायला थांबत नाही. गेला. फळी तिरकी झाली, भाऊजींनी गुडघा खाली घातला म्हणून किल्ला वाचला, पण वेशीच्या कमानीतून एक करडा तुकडा निसटला, टुणटुण उड्या मारत गेला आणि गटाराच्या जाळीतून खाली.

फळी जमिनीवर टेकवून भाऊजींनी कमानीखाली अंगठा घातला आणि तसेच बसून राहिले.

ती कमान त्यांचा जीव होती. दोन्ही बाजूंचे तिरके ठोकळे एकमेकांवर रेललेले, आणि मधे पाचरीसारखा एक ठोकळा त्यांना धरून. त्या आकाराचा डब्यात तेवढा एकच. तो गेला की कमान खाली, कमानीवर बुरूज, बुरुजावर ड्रॅगन.

"दुसरा कुठला ठोकळा बसवा," मी म्हटलं.

"बसत नाही. बाकी सगळे चौकोनी." मग म्हणाले, "चला वहिनी, परत जाऊ. बादली तयारच आहे."

चिडले असते तर मला सोसलं असतं. मी देवाकडे पाहिलं, देवाने माझ्याकडे. आपल्याच भक्तीने घोटाळा केला, आता गाऱ्हाणं कोणाकडे नेणार? तोंडात आलं ते बोलून गेले, "पाचरच हवी ना? मग लावा माझा दात."

मी थट्टाच केली होती. पण भाऊजींनी मोकळ्या हाताने खिसा चाचपला.

"दात पाचरच असतो तसा," ते सावकाश म्हणाले. "धारेकडे रुंद, हिरडीकडे निमुळता." मग मान हलवली. "नको. बाजूने घासावा लागेल. मग तो तुमच्या तोंडात बसायचा नाही."

"आणि तुमचा नेम?"

"तोही घासला जाईल."

"मग दोघांचंही जाऊ दे. मला काय, शिट्टीची सवय झालीय."

मग मी कमानीखाली अंगठा घालून भर रस्त्यात उकिडवी बसले, आणि भाऊजी कठड्याला टेकून माझा दात कानशीने घासत राहिले. येणारे-जाणारे वळून बघत होते. सायकलवाला वरून म्हणाला, "काकू, दार लागत नाही का?" दोनदा बसवून पाहिला, पुन्हा घासला, तिसऱ्यांदा दात टक्क करून बसला. मी अंगठा काढला. कमान उभी राहिली. खाली दाताला जोडलेल्या नकली हिरडीचा गुलाबी तुकडा तेवढा लोंबत होता.

पुढची वाट मी हात फळीला चिकटवल्यासारखी चालले. वाटेत आणखी देव लागले असतील तर त्यांनी मला माफ करावं.

वाचनालयात ग्रंथपाल बाई तयारच होत्या. फळी टेबलावर ठेवून घेतली, बाह्या सरकवल्या आणि दोन्ही हातांनी हलवली. ड्रॅगनचे पंख थरथरले. चेटकीण खिडकीत डुलली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण ते मनात राहिलं नाही. शांत खोलीत लांबलचक शिट्टी वाजली.

बाई थांबल्या. "काय म्हणालात?"

"काही नाही. चालू द्या."

त्यांनी आणखी एकदा हलवली. काही पडलं नाही. मग वाकून वेशीत पाहिलं. "हे गुलाबी काय आहे?"

भाऊजींना खोटं बोलता येत नाही. "हिरडी," ते म्हणाले.

"ड्रॅगनची?"

"वहिनींची."

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते मिटून घेतलं. त्यांनी किल्ला कपाटात ठेवून घेतला, पण कुलूप लावताना त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर पायरीवर आम्ही टेकलो. हात इतके रिकामे की कुठे ठेवावेत कळेना. मी म्हटलं, "आता माझ्या दाताचं बघा. यंदा तरी माझा नंबर आधी लावा."

"करतो. उद्याच साचा घेतो." भाऊजी चष्मा पुसायला लागले. धूळ नव्हती तरी पुसत राहिले. "बाई हलवत होत्या ना, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, वहिनी. वाटलं, आता सगळं धाडकन खाली. पण ऐकू आली ती तुमची शिट्टी. आणि तिच्यामागून काहीच पडल्याचा आवाज नाही."

"मग?"

"मग काही नाही. दात करतोच. पण जरा उशिरा केला, तर तोवर शिट्टी चालवून घ्याल?"