सुभेदार नानांनी परत घेतलेला शब्द

आम्ही मेहरूण तलावाजवळ राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी शेजारचे एक उंच, ताठ गृहस्थ माझ्या स्कूटीखाली वाकून पाहत होते. मी दारात आल्यावर ते ओशाळले. "सवय शे, मॅडम," एवढंच म्हणाले आणि तलावाकडे चालू लागले.

ते सुभेदार नाना. मूळचे चाळीसगावकडचे, घरात-दारात अहिराणी बोलणारे, निमलष्करी दलातून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनी एका अशांत देशातल्या आपल्या वकिलातीच्या फाटकावर काढली होती. येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली काठीला लावलेला आरसा सरकवायचा, हे त्यांचं रोजचं काम. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. या गोष्टीतल्या तिथल्या एका माणसाचे नातेवाईक अजून तिथे आहेत.

नाना एका जागी टिकत नसत. अर्धा चहा पिऊन उठत, फाटकाची कडी तपासत, तलावाला एक चक्कर मारून येत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. त्यामागचं कारण त्यांच्या पत्नीने, सिंधूअक्कांनी, मला सांगितलं. वकिलातीत करीम नावाचा स्थानिक माणूस होता. बागकाम करायचा, फाटकावर दुभाष्याचंही काम करायचा. एकदा आत येऊ पाहणाऱ्या गाडीचा चालक त्याला खटकला. बोलणं या शहरातलं नाही, असं त्याने नानांच्या कानात सांगितलं. नानांनी फाटक लोटून बंद केलं आणि स्फोट भिंतीबाहेर झाला. नानांचा कान गेला, करीमची दोन बोटं. आतली सगळी माणसं वाचली.

पुढे तिथलं सरकार कोसळलं आणि दोन दिवसांत वकिलात बंद झाली. विमानात जागा फक्त आपल्या माणसांना होती. फाटकाशी उभ्या असलेल्या करीमला नाना म्हणाले, बोलावून घेतो.

त्या एका शब्दासाठी नानांनी मला गाठलं. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून करीमला इकडे आणण्यासाठी दिल्लीच्या मंत्रालयाला पत्रं मी लिहायची. मजकूर ते येरझाऱ्या घालत सांगत आणि दर वेळी करीमच्या दोन्ही मुलींची नावं पूर्ण लिहायला लावत. उत्तरं यायची ती एकाच वाक्याची: विषय विचाराधीन आहे. भुसावळहून गाडी धरून ते दोनदा दिल्लीला जाऊन आले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना आदराने बसवलं आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचा करार वकिलातीबरोबरच संपतो, असं समजावून सांगितलं.

एका प्रजासत्ताक दिनाला मी त्यांना आमच्या शाळेत बोलावलं. आपण किती देशांत नव्या वकिलाती उघडतो आहोत, आपल्या युद्धनौका किती लांबच्या बंदरांत उभ्या राहतात, हे मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितलं. नाना उठले. वकिलात हवीच, म्हणाले. परदेशात अडकलेले आपले मजूर रडत फाटकाशी आलेले त्यांनी पाहिले होते. मग जरा थांबून म्हणाले, "पण उघडताना खर्चाचा कागद होतो ना, त्यात इमारत असते, बंदुका असतात. बंद करताना फाटकावरच्या माणसाचं काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहा." टाळ्या जरा उशिरा वाजल्या.

दर शुक्रवारी ते करीमला फोन करत. दोन वर्षं गेली. करीमचा भाऊ केव्हाच डोंगर ओलांडून निघून गेला होता. करीम मात्र नव्या राजवटीपासून लपत, घरं बदलत तिथेच राहिला होता. एका शुक्रवारी फोन ठेवून नाना माझ्या अंगणात आले. करीम अजून का निघत नाही, ते त्यांना कळलं होतं.

"मना शब्दवर तो थांबेल शे, मॅडम," ते म्हणाले. "आनि मी आठे तलावले चक्कर मारी राह्यनू."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि करीमला सांगितलं, "मुझसे नहीं होगा. मेरी राह मत देखो. बच्चियों को लेकर निकल जाओ." फोन बंद झाला आणि पुन्हा लागला नाही.

त्यानंतरचे चार महिने नाना अर्धा कपही चहा पीत नव्हते. आपण त्या माणसाला मरायला पाठवलं, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांची समजूत घालायचे, पण खात्री मलाही नव्हती. एका सकाळी तलावावरून येतानाच ते कोसळले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं.

तेराव्यानंतर आठवड्याभराने अनोळखी देशाच्या नंबरवरून फोन आला. अक्कांनी तो माझ्या हातात दिला. करीम होता. सगळे सुखरूप सरहद्दीपलीकडे पोचले होते. वाटेत फोन विकावा लागला, नानांचा नंबर कसाबसा मिळवला, म्हणाला. "साब ने जाने को बोला तो बहुत बुरा लगा था. अब समझता हूँ. साब को दीजिए."

नाना गेल्याचं मी सांगितलं.

अक्कांनी फोन मागून घेतला. त्यांना हिंदी धड येत नाही, आणि करीमला अहिराणी कुठून येणार. "पोरी कशा शेतस?" त्यांनी विचारलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते रोज तुनी वाट दखेत, भाऊ."

पलीकडून करीम नुसतं "जी, जी" म्हणत राहिला.