मिस्त्रींचं प्लायवूडचं कार्ड

'अंदाजे' हा शब्द कानावर पडला की मिस्त्रींचं पित्त खवळतं. "ओटा अंदाजे आठ फूट असेल," असं गिऱ्हाईक म्हणालं की ते काही न बोलता खिशातून टेप काढतात. तीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं बांधण्यात गेली. त्यांच्या कपाटाचं दार लागलं की फटीतून पोस्टकार्ड जात नाही. अशा माणसाला ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला लावणं म्हणजे निव्वळ छळ आणि हा छळ त्यांनी आपणहून ओढवून घेतला होता.

कारण होती त्यांची मुलगी. कारखान्याच्या पुढच्या बाजूला काचेची एक खोली आहे, तिथे बसून ती गिऱ्हाइकांची स्वयंपाकघरं कॉम्प्युटरवर काढते. रंग, दारं, खिडकीतून येणारा उजेड सगळं दाखवते आणि मग ते चित्र फिरवते, म्हणजे माणसाला वाटतं आपण आत जाऊन उभे राहिलोय. तिच्या चित्रांमुळे ऑर्डरी मिळतात, हे मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, फक्त तिला सोडून. पण मशीन जुनं. चित्र फिरायला लागलं की मध्येच अडकायचं. दोन गिऱ्हाइकं अर्धवट फिरलेल्या ओट्याकडे बघत बसली आणि कंटाळून निघून गेली.

त्यात मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमने तिला नोकरीला बोलावलं. जेवताना तिने सरळच सांगितलं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत त्यांना कळवायचंय. या मशीनवर आता माझ्याच्याने होणार नाही."

"बघू," मिस्त्री म्हणाले.

म्हणायचं होतं, जाऊ नकोस. ती काचेची खोली रिकामी दिसेल, हा एकच विचार डोक्यात होता. पण हे बोलणं त्यांना कधी जमलेलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्रं न अडकता फिरवणारं ग्राफिक्स कार्ड शोधायला निघाले.

आधी साडूंना फोन केला. साडू प्रत्येक विषयातले जाणकार. "बारा जीबीच्या खाली बघूच नका," ते म्हणाले. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन, "आठही चालेल, पण नवीन पिढीचं घ्या." संध्याकाळी पुन्हा, "इतक्यात घेऊच नका, भाव उतरणार आहेत."

मग दुकानं. पहिल्या दुकानदाराने विचारलं, "काम काय?" मिस्त्रींनी काम सांगितलं.

"ते कामावर अवलंबून आहे, काका."

"सांगितलं की काम!"

"मग बजेटवर अवलंबून आहे."

"अठरा हजार. वर एक पैसा नाही."

"मग अवघड आहे."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या दुकानात कळलं की खोक्यावरचा आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं काही नसतं. तिसऱ्यात कळलं की एकाच नावाची दोन खोकी असतात आणि आतला माल वेगवेगळा असतो. "एकोणीस एमएमचं प्लाय मागितलं आणि तुम्ही बाराचं दिलं, तर मी काय म्हणेन?" त्यांनी विचारलं. तिथला माणूस नुसता हसला. नाकी नऊ आले बिचाऱ्यांच्या. कोणी एक सरळ उत्तर देईल तर शपथ!

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने जायचं ठरवलं. मुलीने काय हवं ते एका कागदावर लिहून दिलं होतं. मिस्त्रींनी तो कागद उलटा केला, कॉम्प्युटरची बाजू उघडली, आतली जागा मिलिमीटरपर्यंत मोजली आणि कागदाच्या पाठीवर आकृती काढली. मग पातळ प्लायवूड कापून त्या मापाचं एक कार्डच बनवलं. कडा पॉलिश पेपरने घासल्या. एवढं सुबक कार्ड कोणत्याही कंपनीने काढलं नसेल.

ते हातात घेऊन ते चौथ्या दुकानात गेले. एकेक खोकं उघडायला लावलं आणि प्रत्येक कार्ड प्लायवूडला लावून बघितलं. हे लांब, ते जाड, त्याचे पंखे बाहेर. सातवं चपखल बसलं. अठरा हजारांतही बसलं.

"काका, पॉवर सप्लाय कितीचा आहे तुमचा?" दुकानदार म्हणाला.

"माप बरोबर आहे ना? मग बांधा."

मुलीने कार्ड बसवलं. माप खरंच बिनचूक होतं. मशीन चालू झालं, स्वयंपाकघर पडद्यावर आलं, दारापासून खिडकीपर्यंत सुरेख फिरलं आणि खट्. सगळा काळोख. पुन्हा चालू केलं, पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही तेच.

"मी लिहून दिलेला कागद कुठे आहे?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी खिशातून काढून दिला. तिने तो सरळ केला आणि पहिली ओळ त्यांच्यासमोर धरली. 'जास्त वीज खाणारं कार्ड नको. आपला पॉवर सप्लाय लहान आहे, मशीन बंद पडेल.'

"ही वाचलीत?"

"माप मागच्या बाजूला होतं," मिस्त्री म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, कारखान्यात पाच कारागीर आहेत. त्यांचा रंधा तुम्ही निवडून आणता का?"

मिस्त्री म्हणजे कोणी दुसऱ्याच्या पटाशीला नुसता हात लावला तरी आरडाओरडा करणारा माणूस.

"मग माझंच हत्यार तुम्ही का निवडलंत?"

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. खोकं धड होतं, त्यामुळे दुकानदार बदलून द्यायला तयार झाला. मुलीने तीन प्रश्न विचारले. त्याने तिन्हींची सरळ उत्तरं दिली, 'अवलंबून' हा शब्द एकदाही काढला नाही. मिस्त्रींचा जळफळाट झाला. पाच मिनिटांत तिने एका पंख्याचं, गेल्या वर्षीचं, स्वस्तातलं एक चिमुकलं कार्ड निवडलं. एवढंसं? हे मिस्त्रींच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी गिळलं.

"बिल कारखान्याच्या नावावर करू?" दुकानदाराने विचारलं.

"हिच्या नावावर कर."

"मग वॉरंटीही यांच्याच नावावर राहील, काका. उद्या यांनी काम सोडलं तर..."

"सोडलं तर घेऊन जाईल!" मिस्त्री खेकसले. "आमच्या धंद्यात कारागीर गेला की त्याचं हत्यार त्याच्याबरोबर जातं." मग मुलीकडे न बघता, खालच्या आवाजात, "जाऊ नकोस. पण हत्यार तुझंच."

बिल घडी घालून तिने पर्समध्ये ठेवलं. दोघं बाहेर आले. मिस्त्रींना जरा हलकं वाटत होतं. आपण मोठं मन दाखवलं, असंही वाटत होतं.

"राहीन मी," ती म्हणाली. "पण रविवारी सुट्टी हवी."

"घे."

"आणि एक तारखेला पगार."

मिस्त्री पुन्हा उसळले. "म्हणजे? आजवर मी तुला पगार देत नव्हतो की काय?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "चार वर्षं नाही."

मिस्त्रींनी मनातल्या मनात पगाराची पाकिटं मोजली. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते पाच पाकिटं घेऊन कारखान्यात शिरायचे. आत जायला वाट एकच होती, काचेच्या खोलीवरून. ती मान वर करून बघायची, ते मान डोलवायचे आणि पुढे जायचे.