सागवानी फरशी आणि तिजोरीतला कागद

“अशी तक्रार लिहा, की हा मिस्त्री पुन्हा करवतीला हात लावणार नाही!” जयंतीभाई माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाले.

कोर्टाच्या फाटकाबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यातील स्वल्पविराम हलवण्याचे धाडस वकीलही करीत नाहीत. माझा नियम एकच. जागा पाहिल्याखेरीज तक्रार लिहायची नाही.

कतारगामला त्यांच्या हॉलमध्ये सागवानी फरशी होती. डांगचा जुना साग, चार महिन्यांपूर्वी बसवलेला. आता प्रत्येक पट्टीच्या कडा वर आल्या होत्या, मध्ये खोलगट झाले होते. पाऊल टाकले की करकर होई. डिंडोलीचा निंबा मिस्त्री कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. जयंतीभाईंच्या भावाकडचे पुढचे काम त्यालाच मिळायचे होते. तक्रार झाली असती, तर भावाच्या सोसायटीत त्याला कोणी दारात उभे केले नसते.

“भाऊ, मना काय गुन्हा?” तो मला म्हणाला. “लाकूड वाळेल व्हतं. भिंतीशी बोटभर फटबी सोडेल व्हती.”

ही फट मुद्दाम ठेवतात. ओलाव्याने लाकूड फुगते, त्यास सरकायला जागा लागते. वरून स्कर्टिंगची पट्टी येते, म्हणून ती दिसत नाही.

“मग एवढे पाणी आले कोठून?” मी विचारले.

तेवढ्यात जयंतीभाईंच्या मातोश्री, म्हणजे बा, बादली घेऊन आल्या आणि त्यांनी ती सरळ फरशीवर ओतली. सोमवार होता. लग्न होऊन आल्यापासून त्या दर सोमवारी घर धुतात.

“ओ बा, थांबा!” निंबा ओरडला. “पाणी टाकू नका, असं कागदावर लिहून दिलं होतं ना!”

“कोणता कागद?” जयंतीभाईंनी विचारले.

“ए तो तिजोरीमां छे!” बा अभिमानाने म्हणाल्या.

लाल फडक्यात गुंडाळलेला कागद बाहेर आला. अक्षर माझे होते. फरशीच्या देखभालीच्या सूचना निंबाने तेव्हा माझ्याकडूनच लिहून घेतल्या होत्या; रोजच्या अर्जांच्या ढिगात मी ते साफ विसरलो होतो. साधा कागद मला शोभला नाही. स्टॅम्प पेपर, दोन शिक्के, सहा कलमे. पाण्याची मनाई पाचव्या कलमात. बांनी तेव्हा शिक्के पाहिले, नमस्कार केला आणि न वाचताच तो घराच्या दस्तऐवजात ठेवून दिला होता.

जयंतीभाईंनी खालची सही वाचली. मग माझ्याकडे पाहिले.

“बोला साहेब, तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?”

पहिल्या हसल्या त्या बा. मग कोणालाच आवरेना.

“चल, आजच मशीन फिरवून घासून टाक,” जयंतीभाई निंबाला म्हणाले.

“नको, शेठ. ओलं घासलं, तर वाळल्यावर मधे टेकाड येईल.”

त्याने स्कर्टिंग काढले, काही पट्ट्या उचलल्या, पंखे लावले आणि पाच आठवडे फक्त वाट पाहिली. बहुतेक पट्ट्या आपोआप बसल्या. तीन बदलल्या. मग घासणे, मग तेलाचे दोन हात.

काम संपले त्या दिवशी बांनी आम्हाला वाफाळता डाळीचा लोचो खाऊ घातला आणि अनवाणी गरब्याची एक फेरी घेतली. फरशी अजिबात वाजली नाही. भावाचे काम निंबाने पुढल्या सोमवारी सुरू केले.

मोरीत नळाच्या वर आता वहीचा एक कागद चिकटवलेला आहे: ‘लाकडावर फक्त पिळलेले पोतेरे.’ गुजरातीत, एक ओळ, शिक्का नाही. मसुदा माझाच.

शिक्क्याचा कागद लोक जपून ठेवतात. वाचायचा असेल तो बादलीपाशी लावावा.