तांदळातली पुरचुंडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःजवळसुद्धा नाही — तिथं तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या शहापूरचे नाही, उद्या आमच्या दारावरून जाणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

माझी पहिली मुलगी आठव्या महिन्यात जन्मली आणि त्याच दिवशी गेली. नाव ठेवायचंही राहून गेलं. लोक म्हणाले, तरुण आहेस, दुसरं होईल. दुसरं? ती काय फुटलेली कपबशी होती? सासूबाई तेवढ्या असं काही बोलल्या नाहीत. मला दूध आलं होतं, प्यायला कुणी नव्हतं. त्या छातीवर ओलं फडकं ठेवायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना लक्षात असू द्या.

मग पुन्हा दिवस गेले. आनंद? छे, नुसती धास्ती. पोटात हललं की भीती, नाही हललं तर त्याहून भीती. स्वयंपाक करता करता गॅस बंद करून आडवी व्हायची, हात पोटावर — हल गं, एकदा हल. वंदनेला बसले तर शब्द तोंडात आणि जीव पोटात. सगळं अनित्य आहे, असं कानावर आलं की उठून पळावंसं वाटे. तेवढंच तर मला ऐकायचं नव्हतं.

आमच्या आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव वैनगंगेत सोडले. तेव्हापासून या घरात नवस नाही, गंडा नाही, दोरा नाही. सासऱ्यांना त्याचा अभिमान आहे, आणि असावाच. सासूबाई तर वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायच्या — पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी, सगळ्या बायांसमोर. लग्नानंतर प्रौढ वर्गात जाऊन अक्षरं शिकलेल्या त्या. ओळीखाली बोट ठेवून वाचत, पण काय वाचत! अवघड ओळ आली की थांबून आपल्या बोलीत समजावत. ती जागा त्यांनी कमावली होती.

आणि मी? आंबागडला माहेरी गेले, तेव्हा शेजारणीबरोबर गुपचूप तलावाच्या पाळीवरच्या देवीला जाऊन आले. तिथं झाडाला लाकडी पाळणे टांगतात. मीही टांगला. खोटं कशाला बोलू — किती तरी दिवसांनी त्या दुपारी मला झोप लागली. येताना लाल फडक्यात बांधून अंगारा आणला. बाळ होईपर्यंत अन्नात ठेव, असं शेजारणीनं सांगितलं होतं. मी ती पुरचुंडी तांदळाच्या कोठीत पार खाली खुपसली. तांदूळ रोज निघतो, कोठी कधीतरी तळाला जाणार — हे कळायला काय अक्कल लागते? पण माझी अक्कल तेव्हा भीतीनं खाल्ली होती.

वर्षावास संपला की विहारात सगळ्यांचं जेवण असतं. त्यासाठी बाया घरोघरी तांदूळ गोळा करतात. त्या आमच्याकडे आल्या. सासूबाईंनी पायली कोठीत घातली, नेहमीसारखी शिगोशीग भरून काढली — आणि तांदळावर ती पुरचुंडी. लाल. सगळ्यांसमोर.

"हे कोनं ठेवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मले नाई मालूम," सासूबाई म्हणाल्या. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं.

तिथं मी गप्प राहिले असते, तर भित्री म्हणून तुम्ही मला सोडूनही दिलं असतं. मी गप्प राहिले नाही. पुढं झाले, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात बोलले, "जाऊ द्या ना बाबा. आईनं माह्याच काळजीपायी केलं असन." किती गोड, नाही?

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पोटाकडे. "हो," त्या म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं."

कुणी ओरडलं नाही. सासऱ्यांनी पुरचुंडी उचलली, अंगणातल्या चुलीत टाकली आणि बाहेर निघून गेले. मी जाळाकडे बघत होते. लाज वाटत होती का? नाही हो. आता बाळाचं काय होईल, एवढंच मनात होतं.

मुलगी सुखरूप झाली. पुढच्या वर्षावासात सासूबाई वाचायला पुढं गेल्याच नाहीत. कुणी त्यांना काढलं नव्हतं. नातीला मांडीवर घेऊन त्या आपणहून मागं, चपलांजवळ बसल्या. तेव्हापासून तिथंच बसतात. सांगून टाकावं, असं मला किती वेळा वाटलं. मग वाटे, बोलले आणि हिला काही झालं तर? मुलगी कुणी दिली — देवीनं, डॉक्टरांनी, की कुणीच नाही — हे मला आजही ठाऊक नाही. पाळण्याचा नवस फेडायलाही मी गेले नाही.

आता मुलगी शाळेत जाते, अक्षर अक्षर लावून वाचते. परवा विहारात पुढं दुसऱ्या बाई वाचत होत्या, आणि हिनं मोठ्यानं विचारलं, "आजी, तू काहून नाई वाचत?"

"डोरे गेले माये," सासूबाई म्हणाल्या. "दिसत नाई मले."

त्याच सकाळी त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून हिच्या फ्रॉकची गुंडी लावून दिली होती. मुलगी समोरच बसलेली होती. ती गोंधळून माझ्याकडे वळली. बायाही बघायला लागल्या.

"हो," मी म्हणाले, "आजीचे डोरे गेले."