नानांचा डिस्ट्रिब्युटर

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आजकाल माणसं ओळखू येत नाहीत. आईला ते कधी मावशी समजतात, कधी भाडेकरू. मला तर रोज नवीन कोणीतरी व्हावं लागतं. कधी डॉक्टरीणबाई, कधी बँकेतली बाई, एकदा तर मी मीटर बघायला आलेली होते. जळगावची नोकरी सोडून धुळ्याला आले ती आईला हातभार लावायला. असली सोंगं वठवायची मला हौसही नाही आणि धीरही नाही, पण पदरात पडलं ते हेच.

फक्त एका जागी मी त्यांची मुलगी होते. अंगणातल्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की तिथे.

गाडी चालवायला नानांना डॉक्टरांनी कधीच बंदी केली होती. ती मीच चालवायची. पण रविवारी चहा झाला की ते बाहेर येत, बॉनेट वर करत आणि डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा अंगठ्याने सोडवून टोपी बाजूला ठेवत. इंजिनात ज्याला त्याला वेळेवर ठिणगी वाटणारा हा मूठभर डबा. आत गोल फिरणारा रोटर, त्याच्याखाली दोन चिमुकले पॉइंट. ते जळून काळे पडतात, मग पॉलिश पेपरने घासायचे आणि मधली फट नेमकी ठेवून स्क्रू आवळायचा. फट मोजायची पट्टी बाजारात मिळते. नाना लग्नपत्रिकेचा तुकडा वापरत. पत्रिका चांगली जाड लागायची. पातळ कागदावर लग्न छापणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं.

तो तुकडा फटीत धरायचं काम माझं. “कागद धर बेटा. जोरमा ओढू नको,” असं ते म्हणत. दर रविवारी तेच आणि तसंच. तो ‘बेटा’ ऐकण्यासाठी मी आख्खा आठवडा ढकलत असे.

नानांची आणखी एक सवय होती. उमेदीत ते यावलकडे केळीची खरेदी करत. गाडी बांधावर सोडून घड बघायला बागेत लांब आत जावं लागे. मागे गाडी कोणी पळवू नये म्हणून ते रोटर काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. रोटर नाही तर ठिणगी नाही, मग किल्ली असूनही उपयोग शून्य. त्या भागातले बरेच खरेदीदार तेव्हा असंच करायचे म्हणे. बागा सुटल्या, खरेदी सुटली, पण रोटर काढायचा हात काही सुटला नाही. पूर्वी ते तो परत बसवत. आता कुठे ठेवला तेच विसरत.

मी एक जादा रोटर आणून पर्समध्ये ठेवला आणि स्वतःला फार हुशार समजले. मग नानांनी टोपीत खोचलेल्या वायरी उपसायला सुरुवात केली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आईचा दमा उसळला. पंप मारून झाला, वाफ देऊन झाली, ओठ निळे पडायला लागले. तिला मागच्या सीटवर बसवून मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं. बॉनेट उघडून बघते तर रोटर गायब आणि वायरी भलत्याच खाचांमध्ये. पर्समधला रोटर बसवला, पण कोणती वायर कुठे हे मला कुठे ठाऊक? “नाना, वायरी कशा होत्या?” मी ओरडले. ते पायरीवर बसून माझ्याकडे प्रेमाने बघत हसले. शेवटी शेजाऱ्यांच्या भाजीच्या टेम्पोतून आईला दवाखान्यात नेलं, कोथिंबिरीच्या जुड्यांना टेकवून. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा एवढा उशीर करू नका.

मी गॅरेजवाल्या आबांना घरी बोलावलं. त्यांनी टोपी काढली, मधला दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि मान हलवली.

“शाफ्ट हालस, अक्का. फट कितली बी लावा, ऱ्हात नही. बठ्ठा डिस्ट्रिब्युटरच बदलना पडी.”

“नवा उघडता येणार नाही असा मिळेल?”

त्यांनी टोपी परत जागेवर ठेवली. मग म्हणाले, “बिनापॉइंटना येस. टोपी स्क्रूवर बसस. घासानं नही, लावानं नही. पन नाना काय करतीन?”

त्याचं उत्तर मला माहीत होतं. गाडी विकून टाका असं सांगणारे नातेवाईक खूप आहेत. गाडी गेली असती तर रविवार गेला असता, आणि तशीच ठेवली असती तर आई. मी म्हटलं, बसवा. आबांनी रोटरची दिशा खडूने आखली, वायरी ओळीने काढल्या, खालचा बोल्ट सैल करून जुना डबा उपटला. नवा बसवून वायरी त्याच ओळीने लावून पट्टीने जखडल्या, इंजिन चालू ठेवून कानाने ऐकत तो जरा जरा फिरवला आणि जागेवर आवळला. मग मी किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. इतकं सुरळीत की मला त्याचा राग आला.

रविवारी नाना आले. बॉनेट वर केलं. अंगठे क्लिपा शोधत राहिले, दोन्ही बाजूंनी, खालून, परत वरून. लग्नपत्रिकेचा तुकडा हातात घेऊन मी शेजारी उभी होते. टोपी उघडेना. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गाडी सुरू करून दाखवली. कान देऊन त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग बॉनेट हलकेच लावलं आणि स्वच्छ हात फडक्याला पुसत माझ्याकडे वळले.

“तुमनी गाडी मस्त चालस, ताई,” ते अदबीने म्हणाले. “काही काम नही तिले. आते घर लई जा.”

“नाना, मी आहे,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, जाऊन फाटक उघडलं आणि गिऱ्हाईक निघायची वाट बघत बाजूला उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. ऊन चढायला लागलं होतं. मग मी गाडीत बसले आणि ती बाहेर काढली.